शून्याने भागल्यावर अनंत येत नाही

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. 876चा शिलालेख आहे. त्यातल्या 270 आणि 50 मधलं शून्य आजच्यासारखंच गोल दिसतं. पाहुण्यांना किल्ला दाखवताना आपण मराठी मंडळी ते अभिमानाने सांगतो, आणि ओघात जोडतो, 'संख्येला शून्याने भागलं की अनंत!' हे चूक आहे.

6 भागिले 2 म्हणजे 3, कारण 3 गुणिले 2 केलं की 6 परत मिळतात. शून्याने गुणून 6 देणारी संख्याच नाही. आणि अनंत ही संख्या नव्हे. तशी मानलीच, तर 1 ला आणि 2 ला शून्याने भागून एकच उत्तर येईल, आणि नेहमीच्या नियमांनी 1 = 2 ठरेल!

समज येतो कुठून? 6 ला 0.1, 0.01, 0.001 ने भागत गेलं की 60, 600, 6000 असं उत्तर फुगतं. पण −0.1, −0.01 घेऊन बघा, ते उलट दिशेला पळतं. शाळेत हा दुसरा भाग सहसा राहूनच जातो.

12व्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणून अनंत मानलं. त्या काळी असा विचार करणं मोठंच होतं. आजच्या अंकगणितात मात्र या भागाकाराला अर्थच दिलेला नाही.