दुर्मीळ प्रोग रॉकच्या सीडी आणि त्यांच्यामागच्या टेप

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचा प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) ऐकणारा बहुधा कॅसेटवरून या संगीताकडे आलेला असतो. पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, जेनेसिस इथपर्यंत भारतात निघालेल्या कॅसेट पुरल्या. त्यापलीकडचे स्प्रिंग, क्रेसिडा, म्युझेओ रोझेनबाख हे बँड रेकॉर्डच्या रूपात इकडे जवळजवळ पोचलेच नाहीत. जे काही आले ते नव्वदच्या दशकापासून, सीडीवरच्या पुनर्आवृत्त्यांतून, मुंबईहून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत किंवा पोस्टाच्या पाकिटात. एकाच अल्बमच्या तीन वेगवेगळ्या सीडी समोर आल्या की निवड किमतीवरून किंवा कव्हरवरच्या ‘रीमास्टर्ड’ या शब्दावरून होते. दोन्ही खुणा कच्च्या आहेत. विचारायचं ते एवढंच, की ही सीडी कोणत्या टेपवरून काढली?

हे अल्बम दुर्मीळ का झाले, याचं उत्तर बरंचसं हिशेबाचं आहे. १९६९च्या सुमारास ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांनी या नव्या लांबलचक संगीतासाठी वेगळी लेबलं काढली. ईएमआयचं हार्वेस्ट, फिलिप्सचं व्हर्टिगो, पायचं डॉन, १९७१ साली आरसीएचं निऑन. डेक्काचं डेरॅम त्याआधीपासून होतंच. नवे बँड सढळ हातानं घेतले गेले आणि रेकॉर्ड खपली नाही की तितक्याच झटपट यादीतून काढले गेले. निऑननं तर जेमतेम ११ अल्बम काढून गाशा गुंडाळला. त्यातला एक स्प्रिंगचा. त्या बँडमध्ये मेलोट्रॉन (टेपवर नोंदलेले सूर वाजवणारं कीबोर्डसारखं वाद्य) वाजवणारे तिघं होते. इटलीत १९७३ साली रिकॉर्डीनं काढलेल्या म्युझेओ रोझेनबाखच्या ‘झरथुस्त्रा’ची गत वेगळी नव्हती. याशिवाय बँडनं स्वतःच्या खर्चानं छापून घेतलेल्या रेकॉर्ड होत्या. ब्रिटनमध्ये १९७३पर्यंत रेकॉर्डवर खरेदी कर होता आणि शंभरापेक्षा कमी प्रती काढल्या तर तो लागत नसे. म्हणून अशा कित्येक रेकॉर्ड बरोबर ९९ छापलेल्या सापडतात. आजच्या लिलावातल्या किमतींमागे संगीताच्या थोरवीइतकाच हा कर आहे.

आता टेपकडे. स्टुडिओत आधी ८ किंवा १६ ट्रॅकच्या रुंद टेपवर वाद्यं वेगवेगळी नोंदली जात. त्यांचं मिश्रण करून पाव इंची टेपवर, सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं, दोन चॅनलचा मास्टर तयार होई. हीच पहिल्या पिढीची टेप. रेकॉर्ड कापण्यासाठी मात्र बहुतेक वेळा तिची नक्कल वापरली जाई आणि त्या नकलेत मुद्दाम फेरफार असत. सुई उडू नये म्हणून खर्ज कमी करायचा, बाजूच्या शेवटी खोबण आखडते तिथे आवाज फाटू नये म्हणून वरचे सूर दाबायचे, जोर थोडा सपाट करायचा. परदेशी कंपन्यांना या नकलेचीही नक्कल जाई. टेपच्या प्रत्येक नकलेत सरसर वाढते आणि बारकावा घटतो.

ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात सीडी बाजारात आली, पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत. जुनं संगीत भराभर सीडीवर आणायची घाई झाली आणि फळीवर जी टेप हाताला लागली ती वापरली गेली. ती बहुधा रेकॉर्ड कापायची नक्कलच असे. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक सीडी पातळ वाटतात त्या यामुळे. बोल मात्र सीडीला लागतो. भर म्हणून डब्यावरची चिठ्ठी हरवलेली असे. टेप डॉल्बी ए या सरसर कमी करणाऱ्या पद्धतीनं नोंदलेली आहे हे कळलं नाही आणि ती उलगडल्याशिवाय उतरवली, तर हळू जागी वरचे सूर टोचतात आणि सरसर उघडी पडते. टेप वाचणारं यंत्राचं डोकं टेपशी काटकोनात बसवलेलं नसेल तर उलट होतं. झांज कापसात गुंडाळल्यासारखी वाजते. डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनोत ऐकलं की हा दोष लगेच पकडता येतो.

किंग क्रिम्सनचा १९६९चा पहिला अल्बम याचं ठळक उदाहरण आहे. त्याची पहिल्या पिढीची स्टिरिओ टेप अनेक वर्षं बेपत्ता होती, म्हणून आधीच्या सगळ्या सीडी नकलांवरून निघाल्या. मूळ टेप सापडली आणि तिच्यावरून २००४ साली सीडी निघाली. २००९ची आवृत्ती आणखी वेगळी. तिच्यासाठी स्टीव्हन विल्सन यांनी मल्टिट्रॅक टेपवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळी नोंदलेल्या त्या रुंद टेपवरून, नव्यानं मिश्रण केलं. रीमास्टर आणि रीमिक्स या दोन शब्दांची इथे गल्लत होते. रीमास्टर म्हणजे तयार झालेल्या मिश्रणावरचा हात, रीमिक्स म्हणजे मिश्रणच पुन्हा करणं. रीमिक्सला मल्टिट्रॅक लागतातच आणि ते नेहमी मिळत नाहीत. जेंटल जायंटच्या पहिल्या तीन अल्बमांपैकी ज्या गाण्यांचे मल्टिट्रॅक हाती लागले तेवढ्यांचंच रीमिक्स २०१७मध्ये एका संचात निघालं, बाकीची गाणी वगळावी लागली.

टेप हरवायला चोर लागत नाही, मालक बदलणं पुरतं. डेक्का १९८०मध्ये पॉलिग्रामकडे गेली, आयलंड हे लेबल १९८९मध्ये, आणि १९९८मध्ये पॉलिग्रामच युनिव्हर्सलमध्ये विरघळली. दर वेळी गोदामं हलली, डबे हलले, वह्या मागे राहिल्या. वाड्याच्या वाटण्या झाल्यावर जुने दस्त कोणाच्या ट्रंकेत गेले ते सांगता येत नाही, तसंच.

मोठ्यांना या अल्बमांत रस नव्हता, ती जागा लहान लेबलांनी घेतली. फ्रान्समध्ये म्युझेआ, जर्मनीत रेपर्टॉयर, अमेरिकेत लेझर्स एज, आणि २००७पासून ब्रिटनमध्ये चेरी रेडच्या छत्राखाली इसोटेरिक. पद्धत साधारण एकच. मूळ कंपनीकडून ठरावीक वर्षांचा परवाना घ्यायचा, टेप मागवायची, बँडमधल्या हयात माणसांना गाठून पुस्तिका लिहायची आणि पाचशे-हजार प्रती काढायच्या. सीडी छापताना आधी काचेचा मास्टर आणि साचा करावा लागतो. तो खर्च प्रती कमी म्हणून कमी होत नाही, त्यामुळे शंभर-दीडशे प्रती परवडत नाहीत. परवाना संपला की लेबलला पुन्हा छापता येत नाही. म्हणून रेकॉर्ड दुर्मीळ होती तिची सीडीही पाच-सात वर्षांत दुर्मीळ होऊन बसते. जपानी कंपन्यांनी मूळ रेकॉर्डच्या कव्हरची हुबेहूब छोटी कागदी प्रतिकृती काढण्याची चाल पाडली. ती कव्हरं देखणी असतात, पण देखण्या कव्हरात जुनंच मास्टरिंग असू शकतं.

टेप सापडली म्हणजे काम झालं असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेल्या काही टेपमध्ये, विशेषतः अँपेक्स ४०६ आणि ४५६मध्ये, चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकटा हवेतला ओलावा शोषून सुटतो. अशी टेप तशीच लावली तर ती यंत्राच्या डोक्याला चिकटते, किंचाळते आणि भुकटी खरवडून निघते. उपाय म्हणजे भाजणं. सुमारे ५४ अंश सेल्सियसला, तापमान हलू न देता, आठ तास किंवा अधिक. त्यानंतर ती थोडे आठवडे वाजण्याजोगी राहते आणि तेवढ्यात उतरवून घ्यायची. आपल्याकडचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन बिबड्या वाळवायला ठीक, या कामाला नाही. ते रात्री उतरतं, आणि गच्चीवर टेप ठेवली तर एक बाजू तापून वळते. साठच्या दशकातल्या अ‍ॅसिटेट टेपला तर भाजायचंच नसतं. ती आकसते आणि कायमची जाते.

टेप मिळालीच नाही तर चांगल्या अवस्थेतली रेकॉर्ड वाजवून तिच्यावरून सीडी काढतात. ९९ प्रतींच्या अल्बमांना दुसरा मार्ग बहुधा नसतो आणि प्रामाणिक लेबल तसं पुस्तिकेत छापतं. गोम आहे ती न सांगता केलेल्या कामात. नव्वदच्या दशकात परवाना न घेता काढलेल्या अशा सीडींचा सुळसुळाट होता. ओळखायच्या खुणा पक्क्या आहेत. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. हेडफोन लावून शांत जागा ऐकावी. हलकी टिकटिक किंवा घुसघुस दर १.८ सेकंदांनी परत येत असेल तर उगम रेकॉर्डच. बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’, ‘श’ फाटतात ही दुसरी खूण. टिकटिक काढायला सॉफ्टवेअर जोरात चालवलेलं असेल तर ड्रमच्या काठीचा पहिला ठोका बोथट होतो. ही टिकटिकीपेक्षा वाईट अवस्था, कारण टिकटिक कान विसरतो आणि मेलेला ड्रम विसरत नाही.

या संगीतात आणखी एक अडचण आहे, जी चित्रपटगीतांच्या सीडीत सहसा येत नाही: तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात. सीडीवर आवाज सेकंदाला ७५ चौकटींत मांडतात, प्रत्येक चौकटीत दर चॅनलला ५८८ नमुने, म्हणजे आवाजाच्या मोजण्या. गाण्याचा तुकडा ५८८च्या पटीत तोडला नाही तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि जोडावर टक् असा आवाज येतो. घरी कोऱ्या सीडीवर प्रत काढताना सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ ठेवलं तर प्रत्येक तुकड्यामध्ये दोन सेकंदांची पोकळी पडते. अशा अल्बमांना ‘डिस्क अ‍ॅट वन्स’च हवं.

सुरुवातीच्या काही सीडींत, त्यातही जपानी छपाईच्या, प्री-एम्फसिस असतो. वरचे सूर मुद्दाम वाढवून नोंदलेले असतात आणि प्लेअर ते वाजवताना खाली आणतो. संगणकावर उतरवताना ही खूण हुकली तर वरच्या टोकाला ९ ते १० डेसिबलची वाढ तशीच राहते. ‘पहिली छपाई कर्कश आहे’ या तक्रारींपैकी काहींचं मूळ इथे असतं, दोष सीडीचा नसतोच. उलट बाजूला नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची रीमास्टर. ऑडासिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून लहर पाहावी. डोंगराची शिखरं कापून पठार केल्यासारखी दिसली तर हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतरच मारलेलं आहे, आणि प्रोग रॉकमध्ये अर्धं नाट्य त्या अंतरात असतं.

जुनी सीडी हातात घेतली की मधल्या पारदर्शक कड्याजवळ दिव्याखाली पाहावं. तिथे बारीक अक्षरांत आयएफपीआय (रेकॉर्ड कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि पुढे संकेतांक असेल तर ती छपाई १९९४ किंवा नंतरची, कव्हरवर साल काहीही असो. तिथेच ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ दिसलं तर पृष्ठभाग नीट बघावा. ब्लॅकबर्नच्या या कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या काही सीडींचा थर चांदीचा होता आणि वरचं लाखेचं आवरण पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला अडवू शकलं नाही. त्या कडेकडून तांबूस होत आत सरकतात. शेवटचं गाणं बाहेरच्या कडेला असतं, म्हणून बिघाड आधी तिथे ऐकू येतो.

खान्देशात आणखी भर पडते. उन्हाळ्यात कपाट तापतं आणि पावसाळ्यात दमट होतं. रेक्झिनच्या पाऊचांतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पाझरून सीडीवर डाग धरतं, तिथे पॉलिप्रोपिलीनची पाकिटं बरी. काळ्या मातीची धूळ गोल फिरवून पुसू नये, मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेनं लांब जातो, आडवा ओरखडा तो क्षणात ओलांडतो. तांबूस झालेली सीडी मात्र पुसून सुधारत नाही. ती अजून वाजते आहे तोवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या सॉफ्टवेअरनं सुरक्षित पद्धतीत उतरवावी आणि इतरांनी उतरवलेल्या प्रतींचे आकडे साठवणाऱ्या अ‍ॅक्युरेटरिपशी ताडून पाहावी. आकडे जुळले तर इतरांच्या निरोगी प्रतींसारखीच प्रत हाती आली. शेवटचा ट्रॅक जुळला नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर, कमी वेगानं पुन्हा प्रयत्न करावा.