बांधकामाच्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट, हे आलं कुठून?

बांधकामाचं भांडण कोर्टात गेलं की त्यात एकच मुद्दा कधी नसतो, कुठे गळती, कुठे प्लास्टर पोकळ, एक्स्ट्रा कामाला हो कोणी म्हटलं, उशीर कोणामुळे झाला, असे शंभर आयटम आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. इंग्लंडमध्ये 1873 च्या ज्युडिकेचर कायद्याने ऑफिशियल रेफरी (कोर्टाचाच एक न्यायाधिकारी) हे पद निर्माण केलं ते अशाच किचकट, हिशोबाच्या प्रकरणांसाठी. मान हायकोर्ट जजपेक्षा कमी, पण बांधकामाच्या केसेस हळूहळू त्यांच्याकडेच जमत गेल्या.

त्यातल्याच एका रेफरीच्या नावावरून आलेलं स्कॉट शेड्यूल मला फार आवडतं. साधा तक्ता आहे हो, एका रकान्यात तक्रार, शेजारी समोरच्याचं उत्तर, दोघांचे आकडे आणि शेवटचा रकाना जजसाठी रिकामा. शंभर आयटमचं भांडण डोळ्यासमोर मांडलं जातं, आणि आजही वकील हेच वापरतात.

9 ऑक्टोबर 1998 ला ह्या रेफरींच्या कोर्टाचं नाव बदलून टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्ट झालं आणि प्रमुख म्हणून हायकोर्टाचे जज डायसन आले. त्याच वर्षी मे महिन्यात तिथला 1996 चा बांधकामाबद्दलचा कायदा लागू झाला होता, बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये वाद झाला तर तटस्थ तिसऱ्या माणसाने, म्हणजे अ‍ॅडज्युडिकेटरने साधारण 28 दिवसांत निर्णय द्यायचा. पण हरलेल्याने पैसे दिलेच नाहीत तर? फेब्रुवारी 1999 मध्ये मॅकॉब विरुद्ध मॉरिसन केसमध्ये डायसननी सांगून टाकलं की निर्णय चुकलाय असं वाटत असलं तरी आधी पाळा, वाद नंतर घाला. माझ्या मते ह्या कोर्टाचं सगळ्यात मोठं काम हेच, कारण छोटा सब-कॉन्ट्रॅक्टर केस हरून बुडत नाही, बिल अडकून बुडतो, मजुरांचा पगार तर दर आठवड्याला द्यावाच लागतो.

पुढे सिंगापूरने 2004 मध्ये असाच कायदा केला, मलेशियाने 2012 मध्ये, आणि मलेशियात तर खास कन्स्ट्रक्शन कोर्टही आली.

आपल्याकडे 2015 च्या कमर्शियल कोर्ट कायद्यात बांधकामाची कॉन्ट्रॅक्ट्स घेतली, 2018 मध्ये स्पेसिफिक रिलीफ कायद्यात बदल करून इन्फ्रास्ट्रक्चर प्रोजेक्टसाठी स्पेशल कोर्टांची आणि 12 महिन्यांत निकालाची तरतूद आली, फ्लॅटवाल्यांना महारेरा 2017 पासून आहेच. पण ते 28 दिवसांचं अ‍ॅडज्युडिकेशन कायद्याने आपल्याकडे अजून नाही, आणि सेंट्रिंगवाल्याला, प्लंबिंगवाल्याला खरी गरज त्याचीच आहे.