मराठवाड्यातले रोजचे कपडे

मराठवाड्यातले रोजचे कपडे म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या ८ जिल्ह्यांतली माणसं शेतात, बाजारात, ऑफिसात आणि घरात जे अंगावर घालतात ते. या भागाच्या पेहरावाबद्दल कुठंही वाचायला गेलं की पैठणची पैठणी आणि संभाजीनगरचं हिमरू, म्हणजे रेशीम आणि सुताचं नक्षीदार कापड, एवढंच सापडतं. दोन्ही कला मोठ्याच आहेत, त्यात वाद नाही, पण पैठणी लग्नात नेसायची आणि मग घडी घालून पेटीत ठेवायची, ती नेसून कुणी कापूस वेचायला जात नाही. रोजचा कपडा इथं ठरतो तो ऊन, काम, पाणी आणि चार माणसांतला मान यांच्यावर.

सगळ्यात आधी नाव घ्यावं तर बायका साडीवर घालतात त्या पुरुषी फुल शर्टाचं. नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट, कॉलर विरलेली, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या मनगटापर्यंत सोडलेल्या, पदर आत खोचलेला आणि डोक्याला रुमाल कानावरून घट्ट आवळलेला. शेतात गेल्यावर पहिलं काम म्हणजे हा शर्ट अंगात चढवणं. उसाच्या पानाची कड ब्लेडसारखी लागते, पाचटाची बारीक कूस अंगात घुसली की दिवसभर खाज सुटते, कापसाचं बोंड उकललं की त्याची वाळलेली टोकं हात ओरबाडतात, आणि ब्लाउजची बाही तर कोपराच्या वरच संपलेली असते, मग करायचं काय. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्या कोयत्यातल्या बाईच्या अंगावर हा शर्ट असतोच. कापूस वेचताना कमरेला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून त्याची ओटी करतात, दोन्ही हात मोकळे राहतात आणि कापूस भरत जातो. मराठवाड्याच्या पेहरावाचा एकच फोटो छापायचा झाला तर तो याच बाईचा छापावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरुषांचं जुनं जोडकाम म्हणजे धोतर, आतल्या खिशाची बंडी नाहीतर तीन गुंडीचा नेहरू शर्ट, आणि डोक्याला टोपी, पटका किंवा रुमाल. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा डोकं उघडं ठेवून बांधावर कुणी जात नाही, आणि हाच रुमाल घाम पुसायला, भाकरी बांधायला, झाडाखाली आडवं व्हायला, फवारणीच्या वेळी तोंडाला गुंडाळायला, सगळ्याला चालतो. आता धोतर फक्त म्हाताऱ्या माणसांकडं राहिलंय, पन्नाशीतला माणूस पायजमा नाहीतर पँट घालतो आणि पोरं जीन्स टीशर्टवर ट्रॅक्टर चालवतात, रुमाल मात्र तिघांच्याही खांद्यावर असतो.

बायकांच्या साडीचं गणित वेगळंच आहे, रोजची साडी बाईने निवडलेली असते असं फार थोड्या घरांत होतं, ती बहुतेक वेळा आहेरात आलेली असते. लग्नसराईत दुकानात गेलं की एक ढीगच वेगळा लावलेला असतो, देण्याघेण्याच्या साड्या, सुरतेहून आलेल्या, हलक्या, फुलाफुलांच्या. त्या या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि शेवटी कुणाच्या तरी अंगावर रोजच्या होतात, पुरुषांच्या टॉवेल-टोपीचंही तेच. सिंथेटिक कपडा उन्हात गरम होतो, अंगाला चिकटतो, हे नेसणारीला चांगलं माहीत असतं, तरी ती तोच वापरते, कारण त्याला कमी पाणी लागतं. सुती नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ते भिजवायचं, खळबळायचं, पिळायचं, आणि जिथं टँकरची वाट बघावी लागते, जिथं लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं एका बादलीत निघणारी आणि तासाभरात वाळणारी साडी बाई का घेते हे समजून घ्यायला पाहिजे, ती आवडीपेक्षा पाणी मोजत असते. गडद रंगही त्याचसाठी घेतात, मळ दिसत नाही. लातूर-धाराशिवकडच्या म्हाताऱ्या बायांकडं अजून इरकल लुगडं दिसतं, अंग सुती, पदर लाल, सोबत खणाची चोळी. ते विरलं की त्याची बाळुती, झोळी, वाकळ होते, टाकून काहीच देत नाहीत.

आता मानाचा मुद्दा. हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, दरबारी माणूस आणि अधिकारी शेरवानीत दिसायचा. ती शेरवानी आता लग्नाला आणि ईदेला निघते, आणि खिशातल्या छोट्या रुमालाला गावोगाव अजून उर्दूतल्या शब्दाने दस्तीच म्हणतात. पांढऱ्या कडक इस्त्रीच्या कपड्यांचा मान पुढाऱ्यांनी घेतला. खादीचं काम मात्र इथं खरोखर होतं, राष्ट्रध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं आणि ध्वज नांदेडला तयार होतात.

दलित समाजात कपडा हा सरळ हक्काचा विषय होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं नेसायची जुनी पद्धत सोडा, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका, स्वच्छ राहा. संभाजीनगरात १९५० ला बाबासाहेबांनी काढलेलं मिलिंद कॉलेज सुरू झालं आणि खेड्यापाड्यांतली पोरं तिथं शिकायला आली, त्या पिढीत इस्त्रीचा शर्ट-पँट ही चैन नव्हती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं त्या नामविस्तार दिनी, १४ जानेवारीला, विद्यापीठ गेटवर पांढऱ्या साड्यांतल्या बाया येतात, त्यातली कित्येक जणी एरवी शेतात शर्ट घालूनच राबतात.

नांदेड, हिंगोली, परभणीच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बंजारा बाया अजून आरशाकवड्यांची कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) रोज घालतात, सुना मात्र साडीवर आल्यात, ते भरतकाम जड पडतं आणि बाजारात सगळे वळून बघतात असं त्या म्हणतात. घरात तर सगळ्याच जातीधर्मांच्या बायकांनी गाऊन स्वीकारलाय, वरून ओढणी नाहीतर टॉवेल टाकला की दाराशी दूधवाल्याकडं, किराणा दुकानापर्यंत चालून जातं. पोरी स्कूटीवर निघताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात, उन्हासाठी, धुळीसाठी आणि रस्त्यात कुणी ओळखू नये म्हणूनही. लग्न झालं की खरी ओढाताण सुरू होते, ड्रेस चालेल का साडीच पाहिजे हे सासू ठरवते, आणि मग पुण्यात कंपनीत जीन्स घालणारी सून गावाकडच्या बसमध्ये बसायच्या आधी ड्रेस घालते आणि घरात शिरल्यावर साडी नेसते.