खाणारे, न खाणारे आणि खानदेशातली एक जुनी बोलणी

चातुर्मास लागला की खानदेशात खाण्याचा विषय निघतोच. गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात, कानबाई देवीचे रोट होतात, जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत जैन कुटुंबांचं पर्युषण येतं. अशा दिवसांत कुणीतरी कुणाला विचारतं, "तुम्ही खाता का?" काय खाता, हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रश्न दोनच शब्दांचा, पण तो कोणत्या सुरात येतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. अलीकडे वेगवेगळ्या धर्मांची माणसं मांसाहार, प्राण्यांची वेदना आणि शेतीवरचा ताण यांबद्दल एकत्र बसून बोलायला लागली आहेत. मला ते फार मोलाचं वाटतं. पण ही बोलणी आपल्याकडे आज सुरू झालेली नाहीत.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अहिंसा हा आपल्या महानुभाव पंथाचा पाया केला. महानुभावांची स्थानं खानदेशातही आहेत. भडगाव तालुक्यातलं कनाशी त्यांपैकीच एक. लीळाचरित्रातली सशाची लीळा बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो आणि मागून पारधी येतात. हा पैजेचा ससा आहे, सोडा, असं ते म्हणतात. स्वामी त्यांना शाप देत नाहीत, पापीही म्हणत नाहीत. शरण आलेल्याला इथे मरण असतं का, एवढंच विचारतात. रानात राहणाऱ्या, गवत खाणाऱ्या, झऱ्याचं पाणी पिणाऱ्या जिवाला तुम्ही का मारता, हेही विचारतात. मग सशाला 'महात्मे हो' म्हणून वाट मोकळी करून देतात. पारधी आणि ससा, दोघांशीही ते आदरानेच बोलतात. दयेची ही भाषा माझ्या दृष्टीने त्या लीळेचा गाभा आहे.

याच शतकाच्या अखेरीस, 1297 मध्ये, तापीकाठी मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. मुक्ताईनगरहून आजही त्यांची पालखी पंढरपूरला जाते. ताटीच्या अभंगांत त्यांनी रागावून दार लावून बसलेल्या भावाला समजावलं होतं. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, शब्दांची शस्त्रं झाली तरी त्यातून उपदेश घ्यावा. तो विषय खाण्याचा नव्हता. पण मुक्ताईची माळ घालणारा, म्हणजे मांस सोडलेला माणूस 'खाणाऱ्या' शेजाऱ्याशी कसा बोलतो, याचं माप तिथेच मिळतं.

या इतिहासात एक दुखरी जागाही आहे. 1922 मध्ये नंदुरबारच्या शेजारच्या सुरत-डांग भागातल्या आदिवासींमध्ये देवीची चळवळ पसरली. देवी अंगात आलेली माणसं सांगत, दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, स्वच्छ राहा. हजारो लोकांनी ऐकलं. यात मोठं बळ होतं, कारण दारूमुळे जमिनी सावकाराच्या आणि दारूच्या ठेकेदाराच्या घशात जात होत्या. पण थोड्याच काळात सुरतकडच्या गावांत 'वरजेला' आणि 'सरजेला' असे दोन तट पडले. वरजेला म्हणजे सोडलेले, सरजेला म्हणजे पूर्वीसारखेच राहिलेले. सोडलेले न सोडलेल्यांना अशुद्ध मानू लागले, त्यांच्याबरोबर जेवेनात. एका आईची लेकरं वेगळ्या पंगतीला बसली.

त्यानंतर दीडेक दशकाने तळोदा भागात गुला महाराजांनी भिलांना दारू सोडायला सांगितलं, तेही 'आप की जय' म्हणत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सावकार आणि सरकारी माणसं 'अरे-तुरे' करत आली, ती माणसं एकमेकांना 'आप' म्हणू लागली. सोडा म्हणण्याआधी मान दिला, म्हणून ते बोलणं माणसांच्या आत उतरलं, असं मला वाटतं.

धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळातल्या अठरा रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ती उतरवून घेत होते. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा आहारशुद्धीकडे वळले. पूर्वीचे ऋषी मांस खात, हे त्यांनी लपवलं नाही. भवभूतीच्या नाटकातला वसिष्ठांच्या मांसाहारी पाहुणचाराचा प्रसंगही सांगितला. मग ते म्हणाले, मांस सोडण्याचं श्रेय त्या खाणाऱ्या पूर्वजांचंच आहे, कारण प्रयत्न त्यांनी केला. आपल्याला ते आयतं मिळालं. जन्माने शाकाहारी असलेल्याला यात मिरवायला काही उरत नाही.

जैन परंपरेत हिंसा मन, वचन आणि काया अशी तिन्हींनी होते. पर्युषणाच्या शेवटी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना बोलून दुखावल्याचीही क्षमा मागितली जाते. खाण्याबद्दल बोलताना हा वचनाचा भाग आपण सगळ्यात आधी विसरतो. 2015 साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली, तेव्हापासून तर हा विषय काढताना अनेकांचा आवाज आपोआप खाली येतो. जिथे कायद्याची भीती आहे तिथे मोकळं बोलणं कसं व्हावं?

घराघरांत मात्र रीत टिकून आहे. "आमना घरमा माळ शे, भाऊ," एवढं म्हटलं की पाहुणा समजून घेतो, आणि घरातल्या खाणाऱ्यांचं मटण मळ्यात, खळ्यावर शिजतं. मुसलमान घरच्या लग्नात न खाणाऱ्यांसाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी, वेगळी पंगत असते. ही काळजी बहुतेक वेळा एकाच बाजूने घेतली जाते. न खाणाऱ्यांनी त्याच पाहुण्याला, त्याच्या घरात काय शिजतं आणि का शिजतं, हे निवांत बसून विचारलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.