सेल्फ फिरतो, पण गाडी का सुरू होत नाही?

डिसेंबर उजाडला, निफाडकडे पारा एक आकडी झाला की नाशिकच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी एक वाक्य हमखास कानावर येतं, "चावीचा सेल संपला वाटतं, गाडी सुरूच होत नाहीये." त्यावर शेजारचे काका ठामपणे सांगतात, "अहो, बॅटरी गेली, दुसरं काय! बदलून टाका." बाहेरून रिमोट स्टार्टर बसवून घेतलेली गाडी असेल, तर हे दोन्ही निदान बऱ्याचदा चुकतात आणि चांगली बॅटरी फुकट बदलली जाते. कारण अशी गाडी पुष्कळदा बिघडलेली नसते. तिने समोरच्याला ओळखायला नकार दिलेला असतो.

रिमोट स्टार्टर म्हणजे घरातूनच बटण दाबून इंजिन सुरू करायची सोय. कंपनीने कारखान्यातच दिलेली असेल तर तिची ओळखपाळख गाडीच्या संगणकाशी आधीच झालेली असते. नंतर बसवलेल्या संचाला मात्र इग्निशन, सेल्फ, ब्रेक, दरवाजे अशा प्रत्येक वायरीला डॅशबोर्डखाली जोड द्यावा लागतो.

गाडी सुरू होत नसेल तर आधी मूळ चावी लावून बघा. चावीने लागलीच सुरू झाली, तर इंजिन, पेट्रोल, बॅटरी, सेल्फ मोटर ठीक आहेत आणि दोष नंतर बसवलेल्या संचात किंवा त्याच्या जोडांत आहे. चावीनेही सुरू होत नसेल तर कान द्या. नुसती कट-कट झाली किंवा सेल्फ रडल्यासारखा हळू फिरला, तर बॅटरी नाहीतर तिचे जोड. काहीच हालचाल नसेल तर फ्यूज, सेल्फचा रिले (विजेने उघडमीट होणारा स्विच), क्लच किंवा गिअरचा स्विच. आणि सेल्फ जोमात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून एक-दोन सेकंदांत बंद पडतं आणि डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय, तर तो इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. माझ्या जिव्हाळ्याचा विषय तोच. पण आधी बॅटरीचं उरकून घेऊ.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. १२.२ म्हणजे साधारण अर्धी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. थंडीत शिसे-आम्लाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं, म्हणजे गरज वाढते तेव्हाच ताकद कमी होते. त्यात बाहेरून बसवलेला संच गाडी बंद असतानाही रिमोटच्या संदेशाची वाट पाहत थोडा प्रवाह ओढत राहतो. बंद गाडीने एकूण ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढलं तर चालतं. चुकीच्या जोडणीमुळे ते २०० झालं, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास जातात आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत निम्मी होते. मग शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, गाडी जागेवरच उभी राहिली, की सोमवारी सेल्फ मारल्यावर कट-कट.

एक तपासणी मात्र कुणी करत नाही, आणि ती करायलाच हवी. सेल्फ फिरवताना छोटी पेट्रोल गाडीसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढते. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साठून तिथे शंभरांश ओहमचा जरी अडथळा तयार झाला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट त्या एका सांध्यात गडप होतात. मीटरची एक सळई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दोन्ही ठिकाणं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे मीटर जवळपास शून्य दाखवायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी नवी बॅटरी घेण्याआधी कोमट पाणी, खायचा सोडा आणि जुना ब्रश घ्या.

आता इमोबिलायझर ज्या चिपवरून चावी ओळखतो, ती चिप. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे दरवाजे उघडणारं रिमोट, त्याला गोल चपटा सेल लागतो. दुसरी ट्रान्सपॉन्डर चिप, म्हणजे गाडीने विचारलं की उत्तर देणारी. जुन्या चावीचं कव्हर उघडून पाहिलं तर एका खाचेत सव्वा सेंटिमीटर लांबीचा काळा, गुळगुळीत तुकडा निघतो. त्याला ना वायर, ना सेल. म्हणूनच चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाडीत सेल संपला तर फार तर दरवाजा हाताने उघडावा लागतो, इंजिन अडत नाही. बटणाच्या गाड्यांतही सेल संपल्यावर चावी स्टार्टच्या बटणाला किंवा कंपनीने सांगितलेल्या जागी टेकवली की काम होतं, ते याच तत्त्वावर.

मग सेलशिवाय ही चिप चालते कशावर? इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की त्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तनं करणारा प्रवाह वाहतो आणि भोवती तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवलं तर त्यात वीज उत्पन्न होते. त्या काळ्या तुकड्यात असंच एक बारीक वेटोळं आहे आणि त्याला जोडलेला एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून सोडणारा भाग. दोघांची मापं अशी निवडलेली असतात की त्यांचं मिळून नैसर्गिक आवर्तन कड्याच्या आवर्तनाशी जुळावं. झोक्याला नेमक्या क्षणी हलका धक्का देत राहिलं की तो चढत जातो, तसं हे आहे: जुळलेल्या वेटोळ्यात प्रत्येक आवर्तनाला थोडी भर पडत जाते आणि चिप जागी होते.

जागी झाली की प्रश्नोत्तरं सुरू. गाडीचा संगणक दरवेळी वेगळी, यादृच्छिक संख्या पाठवतो. चिप ती आपल्या पोटातल्या गुप्त संख्येशी ठरलेल्या गणिताने मिसळते आणि फक्त उत्तर परत पाठवते. गुप्त संख्या कधीच बाहेर येत नाही. संगणक तेच गणित स्वतः करून दोन्ही उत्तरं ताडून पाहतो. परत पाठवण्याची रीतही सुंदर आहे. अनेक चिपा स्वतः काही प्रक्षेपित करत नाहीत, त्या आपल्या वेटोळ्यावरचा भार उत्तरातल्या शून्य-एकप्रमाणे कमी-जास्त करतात. ज्या कड्याने वीज पुरवली, त्यालाच हा भार जाणवतो आणि त्या जाणवण्यातून उत्तर वाचलं जातं. उत्तर जुळलं नाही तर संगणक इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर उघडत नाही. सातपूरच्या कारखान्यांत इंजेक्टर बनत असल्याने नाशिककरांना हा भाग नवा नाही. उघडलाच नाही तर इंधन नाही, मग सेल्फ कितीही फिरवा.

ही गुप्त संख्या किती मोठी हवी? सुरुवातीच्या एका लोकप्रिय चिपमध्ये ती ४० बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या ४० अंकांची होती, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. तरीही २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए या संगणक-सुरक्षा कंपनीच्या प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. नंतरच्या चिपा त्यामुळेच अधिक लांब संख्या वापरतात.

रिमोट स्टार्टरची पंचाईत आता लक्षात येईल. गाडीत चावीच नाही, तर उत्तर कोण देणार? एक तोड म्हणजे संगणकाशी थेट बोलणारं मॉड्यूल. दुसरी तोड जुनी: नोंदवलेली दुसरी चावी डॅशबोर्डखाली ठेवायची, तिच्याभोवती वायरीचे वेढे घ्यायचे, तसेच वेढे कुलपाच्या कड्याभोवती घ्यायचे आणि मध्ये एक रिले. रिमोट दाबलं की रिले जोडला जातो आणि कुलपाजवळचं क्षेत्र वायरीतून लपवलेल्या चावीपर्यंत पोचतं.

इथेच दोष दडतात. वेटोळ्यापासून त्याच्या त्रिज्येपेक्षा बरंच दूर गेलं, की अंतर दुप्पट होताच क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं. खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी वेढे कड्यावरून दोन-तीन सेंटिमीटर सरकले किंवा लपवलेली चावी वेढ्यांतून निसटली, तरी चिप उपाशी राहते. नुसत्या काळ्या टेपचा जोड उन्हाळ्यात सैल होतो, म्हणून जोड डाग देऊन, वर स्लीव्ह चढवून घ्यावा. रिले जोडलेल्या अवस्थेत चिकटून बसला तर मूळ चावीनेही गाडी अडू शकते, कारण दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि संगणकाला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. अशा वेळी वेढ्यांची एक वायर सोडा आणि मूळ चावी लावा. लगेच सुरू झाली तर गुन्हेगार सापडला. एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असल्या तरी असाच गोंधळ उडू शकतो.

अमावास्येला गाडी अडली, बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि पाच मिनिटांनी सुरू झाली, असं सांगणारे मला भेटतात. त्या पाच मिनिटांत विसाव्याने बॅटरीचा दाब थोडा सावरतो, दार उघडमिट करताना सैल जोड हलून टेकतो. हा दोष पुन्हा येणार, आणि येईल तो घाटात किंवा रात्री येईल. "पंधरा मिनिटं आधी सुरू करा, इंजिनाचं आयुष्य वाढेल" या जाहिरातीवरही विसंबू नका. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनाला आपल्याकडच्या थंडीत अर्धा-एक मिनिट पुरतं, पुढचं तापणं हळू चालवत झालेलं उत्तम. बंदिस्त तळघरात तर रिमोटने इंजिन सोडून देऊच नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो.

हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. अशा गाडीसाठीच्या चांगल्या संचात आधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू असतानाच उतरून दार लावायचं, मग संच स्वतः इंजिन बंद करतो आणि पुढच्या वेळेसाठी तयार राहतो. नंतर कुठलंही दार उघडलं की ही तयारी रद्द होते, कारण आत बसून कुणी गिअर टाकला असेल तर गाडी समोरच्या भिंतीवर किंवा माणसावर झेप घेईल. त्यामुळे झिजलेला दाराचा स्विच "दार उघडं आहे" असं खोटं सांगत राहिला तर रिमोट कितीही दाबा, गाडी ढिम्म. त्याची खूण म्हणजे दारं लावूनही आतला दिवा विझत नाही. स्विच थोडक्या पैशांत बदलून मिळतो. वायरमन दाराची वायर तोडून "आता चालेल" म्हणाला, तर त्याला ती परत जोडायला लावा.