सदाफुली: अंगणातल्या झुडपामागचा इतिहास

विदर्भातल्या गावांत तुळशीवृंदावनाशेजारी, विहिरीच्या थाळ्यापाशी सदाफुली आपोआप उगवते, म्हणून ती इथलीच वाटते. तिचं मूळ मात्र फक्त मादागास्कर बेटावर. अठराव्या शतकात तिचं बी पॅरिसच्या राजबागेत आणि तिथून लंडनच्या चेल्सी बागेत पोचलं. १७५९ मध्ये स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने तिची नोंद विंका रोझिया म्हणून केली. आज शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस.

मधुमेहावर तिचा पाला घ्यायची पद्धत अनेक देशांत होती. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी जमैकाहून आलेली पानं तपासली. तोंडावाटे अर्क देऊन उंदरांची साखर काही उतरली नाही. शिरेतून दिल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. याच धाग्यावरून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरचं द्रव्य जाहीर झालं, आणि पुढे एली लिली कंपनीच्या संशोधनातून व्हिनक्रिस्टीन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते अजून वापरतात. आपल्याकडे साखर उतरवायला सकाळी पानं चावणारे आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं: पेशींची वाढ थांबवणारी विषारी द्रव्यं त्याच पानात असतात.

पानात ही द्रव्यं नाममात्र असल्याने औषधाला पाला टनांनी लागतो. त्यातून भारतात शेती सुरू झाली, मुख्यतः तमिळनाडूत. मुळांना वेगळी मागणी, त्यातल्या अजमॅलिसीन या रक्तदाबावरच्या औषधी द्रव्यासाठी.

झुडूप मुरमाड, बरड वावरात उत्तम येतं. काळ्या कसदार जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की बुरशीने शेंडे वरून खाली वाळत जातात. सरी-वरंबा आणि पाण्याला उतार, हाच त्यावरचा खरा इलाज. बी बारीक: थेट पेरणीला हेक्टरी अडीच किलो लागतं, रोपवाटिकेतून अर्धा किलो पुरतं. बी वाळूत मिसळून पेरावं, नाहीतर एका जागी दाट पडतं. लागवड ४५ × ३० सेंटीमीटरवर. पाल्याच्या दोन तोडण्या साधारण सहाव्या आणि नवव्या महिन्यात. वर्षाने झाडं जमिनीपासून तीन बोटं वर कापतात, वावर ओलवून नांगरतात आणि मुळं वेचून, धुऊन सावलीत वाळवतात. कोरडवाहूत हेक्टरी पाऊण टन वाळली मुळं निघतात, ओलितात दीड टन.

हा माल बाजार समितीत लिलावाला जाणारा नव्हे. खरेदीदाराशी लेखी बोलणी झाल्याशिवाय अर्धा एकरही लावू नये.