ई-कचऱ्याची विल्हेवाट : जग आणि कोकण किनारपट्टी

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी, पण वापरातून बाद झालेली उपकरणे व त्यांचे सुटे भाग यांना ई-कचरा म्हणतात. जगात २०२२ साली असा सुमारे ६.२ कोटी टन कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेला घरात पडून राहतो, उकिरड्यावर जातो किंवा बिगरनोंदणीकृत भंगारव्यवसायात शिरतो.

कोकणात उपकरणांचे आयुष्य मुळातच कमी भरते. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांमुळे पावसाळ्यानंतर बंद पडलेला टीव्ही उघडला की आतल्या बोर्डावर, तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा हिरवट कळंक दिसतो. दुरुस्ती करणारा कारागीर तो थिनर आणि जुन्या टूथब्रशने खरवडून संच पुन्हा चालता करतो. विल्हेवाटीची चर्चा करणारे या दुरुस्तीला फारसे मोजत नाहीत, पण कचरा लांबणीवर टाकण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दुसरी गोष्ट चाकरमान्यांची. मुंबईत नवा टीव्ही किंवा फ्रीज आला की जुना गणपतीच्या आधी गावच्या घरी येतो, आणि शहरात जुन्या झालेल्या वस्तूची अखेर गावात होते.

पुढचा प्रवास भंगारवाल्याकडून होतो. तो किलोवर घेतो आणि भाव ठरवतो तो मुख्यतः तांब्यालोखंडावरून. वायरीवरचे आवरण सोलण्यापेक्षा जाळणे सोपे असल्यामुळे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, किंवा खाडीकाठी वायरींचा ढीग पेटवला, की आवरणातील पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या धुरातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. जुन्या टीव्हीच्या जाड काचेत शिसे असते. तिला गिऱ्हाईक नसल्याने ती फुटून तिथेच पडते. कोकणातल्या सच्छिद्र, भेगाळ जांभ्या दगडातून पावसाचे पाणी झपाट्याने विहिरीपर्यंत उतरते, म्हणून येथे उघड्यावर जाळलेल्या किंवा फोडलेल्या मालाचा धोका अधिक गंभीर मानायला हवा.

चीनमधील ग्वेयू आणि घानाची राजधानी आक्रा येथील अगबोगब्लोशी ही अशाच जाळपोळीने जगभर कुप्रसिद्ध झालेली ठिकाणे होत. श्रीमंत देशांचा घातक कचरा गरीब देशांत उतरू नये म्हणून १९८९ मध्ये बासल करार झाला. १ जानेवारी २०२५ पासून ई-कचऱ्याच्या, मग तो घातक असो वा नसो, आंतरराष्ट्रीय वाहतुकीला आयातदार देशाची पूर्वसंमती आवश्यक झाली.

शास्त्रशुद्ध प्रक्रियेत बॅटऱ्या आणि फ्रीजमधील वायू आधी काढून घेतात, उरलेले भाग तुकडे करून चुंबकाने व अन्य तंत्रांनी वेगळे करतात आणि बोर्ड धातुशुद्धी कारखान्यात पाठवतात. बेल्जियममधील होबोकन येथील कारखान्यात अशा मालातून सतरा धातू मिळवले जातात. सोन्याच्या खाणीतील टनभर खनिजात बहुधा काही ग्रॅमच सोने असते, तर टनभर मोबाइलमध्ये ते शंभर ग्रॅमहूनही अधिक असू शकते. मात्र स्पीकर व मोटारींच्या चुंबकांत लागणाऱ्या निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंच्या बाबतीत ही गोष्ट अजून जमलेली नाही. त्यांच्या मागणीपैकी सुमारे १ टक्काच ई-कचऱ्यातून भागतो.

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले व २०१२ मध्ये लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या २०२२ च्या नियमांनुसार १०६ प्रकारच्या उपकरणांची, सौर पॅनेलांसह, जबाबदारी उत्पादकावर आहे. ठरलेल्या प्रमाणात पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे त्याने नोंदणीकृत कारखान्याकडून विकत घ्यायची असतात. कागदावर ही साखळी पक्की दिसते. खरी अडचण पहिल्याच कडीत, म्हणजे वाडीतल्या माळ्यावरून नोंदणीकृत केंद्रापर्यंतच्या वाहतुकीत आहे. घाट किंवा खाडी ओलांडून दोन-चार मोबाइल पोहोचवणे कोणालाच परवडत नाही, आणि भंगारवाला तर दारात येऊन पैसे देतो. शिवाय प्रमाणपत्रांचा हिशेब सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या धातूंवर बेतलेला असल्यामुळे, शिसे असलेली ती काच तेथेही मागे पडते.